गीझर वारंवार का बिघडतो? आधी नळाचे पाणी पाहा

नोव्हेंबर सरत आला की ठाण्यातील घोडबंदर रस्त्यापासून नवी मुंबईतील नेरूळ-खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर चांगल्या गीझर मेकॅनिकची चौकशी सुरू होते. उन्हाळाभर आणि पावसाळ्यात बंद असलेले हे यंत्र थंडीच्या पहिल्या आठवड्यातच दगा देते. कोणाकडे बटण पडते, कोणाकडे पाणी कोमट येते, तर कोणाकडे खालून थेंब गळू लागतात. मेकॅनिक येतो, ‘कॉइल गेली’ असे सांगून ती बदलतो, आणि पुढच्या थंडीत पुन्हा त्याच्याच नंबरची शोधाशोध होते. एकाच कंपनीचा एकच गीझर एका घरी बारा वर्षे विनातक्रार चालतो आणि दुसऱ्या घरी तिसऱ्या वर्षी भंगारात जातो, तेव्हा दोष कंपनीला दिला जातो. माझ्या मते पहिला संशय घरात येणाऱ्या पाण्यावर घ्यायला हवा, कारण गीझरची बहुतेक दुखणी पाण्यातून येतात आणि देखभालीचे वेळापत्रकही त्या पाण्यावरच ठरवावे लागते.

टाकीच्या आत काय असते?

साठवणीचा, म्हणजे १०, १५ किंवा २५ लिटरचा गीझर आतून बराच साधा असतो. पोलादी टाकी, तिच्याभोवती उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर आणि त्यावर बाहेरचे आवरण. टाकीत खालच्या बाजूने एक एलिमेंट शिरलेले असते, ज्याला आपण सर्रास कॉइल म्हणतो. ही धातूची वळवलेली नळी असून तिच्या मधोमध तापणारी तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये वीज अडवणारी पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो, आणि थर्मोस्टॅट अडकून बसला तर त्याच्यावर पहारा ठेवणारा कटआऊट वीज तोडतो.

थंड पाणी टाकीच्या तळाशी येते आणि गरम पाणी आत उंचावर उघडणाऱ्या नळीतून बाहेर पडते, कारण गरम पाणी वर चढते. म्हणजे खालून येणारे थंड पाणी जेवढा दाब देईल तेवढेच गरम पाणी वरून बाहेर ढकलले जाते. आत येणारा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ कितीही वेळ उघडा ठेवला, तरी टाकी रिकामी होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढच्या अनेक शंका आपोआप मिटतात.

पाणी तापले की क्षार का बसतो?

जमिनीतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. हे प्रमाण जास्त असले की साबणाला फेस येत नाही आणि नळांवर पांढरे डाग पडतात. असे पाणी म्हणजे जड पाणी. त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट थंड पाण्यात सुखाने विरघळलेले राहते, पण पाणी तापले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या चुनखडीच. ते विरघळत नाही, त्यामुळे जिथे उष्णता सर्वाधिक तिथेच, अर्थात कॉइलवर, थरावर थर बसत जाते. पाणी ६० अंशांच्या पुढे गेले की हा वेग लक्षणीय वाढतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते. या आकड्यांचा गीझरसाठी अर्थ काय, याचे एक ढोबळ गणित मांडता येते. कठीणता ४०० मिलिग्रॅम असलेले ६० लिटर पाणी रोज गीझरमधून जात असेल, तर दिवसाला २४ ग्रॅम क्षार त्यातून प्रवास करतो. त्याचा दहावा हिस्सा जरी आत बसला असे धरले, तरी वर्षाकाठी पाऊण किलोहून अधिक चुना टाकीत साठतो.

या थराचा त्रास दुहेरी असतो. चुना उष्णतेला आडकाठी करतो, त्यामुळे कॉइल गोधडी पांघरल्यासारखी आतल्या आत तापत राहते आणि पाण्यापर्यंत उष्णता पोहोचायला उशीर लागतो. मीटर मात्र तेवढा वेळ फिरतच असतो. दुसरे म्हणजे, प्रमाणाबाहेर तापलेल्या कॉइलच्या नळीला बारीक चीर जाते, तिथून पाणी आतल्या भुकटीपर्यंत पोहोचते आणि वीज पाण्यात उतरू लागते. गीझरमधून खदखदल्यासारखा आवाज येत असेल, तर तो थराखाली अडकलेल्या वाफेच्या बुडबुड्यांचा असतो. हा आवाज ऐकल्यावर तरी सफाई लांबणीवर टाकू नये.

‘पण आमच्याकडे तर धरणाचे पाणी येते’

भातसा, बारवी, मोरबे, हेटवणे ही सगळी सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्यावर भरणारी धरणे आहेत आणि अशा पाण्यात क्षार कमी असतात. नवी मुंबई महापालिकेचे मोरबे हे स्वतःचे धरण आहे. ज्या इमारतीत वर्षभर फक्त पालिकेचेच पाणी येते, तिथल्या रहिवाशांनी क्षाराची फार धास्ती घेण्याचे कारण नाही.

अडचण अशी की गच्चीवरच्या टाकीत खरोखर काय पडते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. घोडबंदर पट्ट्यातील अनेक सोसायट्या तुटवड्यात टँकर मागवतात, काहींची स्वतःची बोअरवेल असते, आणि शटडाऊनच्या दिवसांत धरणाचे व बोअरचे पाणी एकाच टाकीत मिसळते. तेव्हा आधी सोसायटीच्या कार्यालयात पाण्याचा स्रोत विचारावा. त्याहून सोपी परीक्षा घरातच आहे. शॉवरची भोके पांढऱ्या खड्यांनी बुजलेली असतील, बादलीच्या आतल्या बाजूला खरखरीत कडे धरलेले असेल, तर गीझरच्या आतही तेच चालले आहे. अनेक जण टीडीएस मीटरवर भिस्त ठेवतात, पण तो पाण्यातले सगळे विरघळलेले पदार्थ एकत्र मोजतो, त्यात साधे मीठही आले. कठीणता मोजायची तर तिच्या वेगळ्या पट्ट्या मिळतात.

सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर क्षाराचा थर नक्कीच कमी होतो. मात्र सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो; पाणी एकूण क्षारमुक्त होत नाही. त्याला वेळच्या वेळी मीठ घातले जात नसेल तर तो नुसताच शोभेचा राहतो. शिवाय सॉफ्टनर असला तरी पुढे सांगितलेल्या रॉडची तपासणी टळत नाही.

कोणीच न विचारणारा रॉड

टाकी पोलादाची, आणि पाणी व हवा मिळाली की पोलाद गंजणारच. म्हणून आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. तरीही त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. त्यांच्यावरचा उपाय म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड बसवतात, ज्याला ॲनोड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू आहे; पाण्यात दोघे एकमेकांना जोडलेले असले की झीज मॅग्नेशियम स्वतःवर घेते आणि लोखंड वाचते. रॉड संपला की पुढची पाळी टाकीची.

नवा रॉड बोटाएवढा जाड आणि गुळगुळीत असतो. कासारवडवलीतील एका घरात गीझर उघडताना मी पाहिले, त्यातील रॉडच्या जागी नुसती गाभ्याची तार उरली होती आणि तिला दोन-तीन ठिकाणी चुरचुरीत राखाडी ढेकळे लटकत होती. त्या घराने त्याआधी दोनदा कॉइल बदलली होती. दोन्ही वेळा टाकीखालची, कॉइल जिच्यावर बसवलेली असते ती प्लेट उघडली गेली, रॉड समोर होता, पण त्याच्याविषयी एक शब्दही निघाला नाही. मेकॅनिकला तक्रार सांगितली जाते ‘पाणी तापत नाही’ अशी, आणि रॉडचा तापण्याशी संबंध नसल्याने तो हात लावत नाही. म्हणून आपणच सांगावे: प्लेट उघडल्यावर रॉड दाखवा. त्याची जाडी निम्म्याहून कमी झाली असेल किंवा आतली तार दिसू लागली असेल, तर तो बदलावा. पूर्ण गीझरच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ असते.

गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि थंड पाण्याला येत नसेल, तर त्यामागेही बहुधा हाच रॉड असतो. पाण्यातील सल्फेटवर जगणारे जिवाणू बंद टाकीत वाढतात आणि मॅग्नेशियमच्या झिजण्यातून सुटणारा हायड्रोजन त्यांना पोषक ठरतो. बरेच दिवस बंद राहिलेल्या गीझरमध्ये हे अनेकदा घडते. टाकी रिकामी करून धुणे आणि एकदा पूर्ण तापमानाला पाणी तापवून सोडून देणे, एवढ्याने बहुतेक वेळा वास जातो. वासावर उपाय म्हणून रॉड काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण त्याने टाकीचे आयुष्य घटते.

बटण पडते, म्हणजे नक्की काय होते?

घरच्या विजेच्या पेटीत दोन प्रकारची संरक्षक बटणे असतात आणि त्यांतले कोणते पडले, यावरून निम्मे निदान होते. एमसीबी पडते ती तारेतून झेपणार नाही इतका प्रवाह गेला तर, किंवा शॉर्टसर्किट झाले तर. आरसीसीबी, ज्याला अनेक इलेक्ट्रिशियन अजूनही ईएलसीबी म्हणतात, पडते ती वीज वाट चुकून पाण्यात किंवा धातूत उतरू लागली तर. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या गळतीला, क्षणाच्या काही भागात, पुरवठा तोडते.

गीझर सुरू करताच आरसीसीबी पडत असेल, तर संशय कॉइलवर. सुरू केल्यावर दहा मिनिटांनी पडत असेल, तरी संशय कॉइलवरच, कारण चीर गेलेल्या कॉइलमधली ओलसर भुकटी तापल्यावर विजेला अधिक वाट करून देते. इथे एक चकवा आहे. गीझरचे बटण साधे, म्हणजे फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडणारे असेल, तर ते बंद केल्यावरही न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार कॉइलला जोडलेलीच राहते आणि तिच्यातून होणाऱ्या गळतीमुळे आरसीसीबी पडत राहू शकते. ‘गीझर तर बंद आहे, मग दोष फ्रिजचा असेल’ असा निष्कर्ष काढण्याआधी गीझरचा प्लग सॉकेटमधून काढून पाहावा. त्यानंतर बटण टिकले तर चोर सापडला.

ती पांढरी भुकटी, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, हवेतला ओलावा शोषते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत चार-सहा महिने न वापरलेली कॉइल पहिल्याच दिवशी थोडी गळती दाखवू शकते. इलेक्ट्रिशियनकडे मेगर नावाचे उपकरण असते; त्याने कॉइलचा विद्युतरोध मोजला की ती ओलाव्याने रुसली आहे की कायमची गेली आहे, हे कळते. मोजमाप न करता थेट नवी कॉइल बसवणाऱ्याला ‘मेगर लावून दाखवा’ असे म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. बटण सारखे पडते म्हणून आरसीसीबी वळसा घालून थेट जोडणी करून देणारे महाभाग भेटतात. पडणारे बटण हा बिघाड नसून त्याने दिलेला इशारा आहे, आणि न्हाणीघरात ओल्या अंगाने उभ्या माणसाचा जीव त्या बटणावर अवलंबून असतो. ज्या जुन्या इमारतींत आरसीसीबी नाही किंवा अर्थिंगची खात्री नाही, तिथे पाणी तापवून गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे.

एमसीबी पडत असेल किंवा प्लग काळवंडला असेल, तर वायरिंग पाहावे. ३ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला १६ अँपिअरचा घट्ट सॉकेट आणि स्वतंत्र लाइन लागते. सैल सॉकेटमध्ये ठिणग्या पडून प्लॅस्टिक वितळते, आणि प्लग तपकिरी दिसू लागला की सॉकेट व प्लग दोन्ही बदलावेत.

दिवा लागतो, तरी पाणी कोमट

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी साधारण १८ ते २० मिनिटे हवीत. ६० अंशांच्या त्या पाण्यात २५ अंशांचे थंड पाणी मिसळून ४० अंशांचे आंघोळीचे पाणी केले, तर ३५ लिटर मिळते, म्हणजे दोन बादल्यांहून थोडे कमी. एवढे मिळत असेल तर गीझर ठणठणीत आहे आणि घरातील माणसांच्या मानाने तो लहान आहे, इतकेच.

त्याहून फार कमी मिळत असेल तर आधी मिक्सर नळ तपासावा. एका दांडीच्या मिक्सरमध्ये आतले कार्ट्रिज झिजले की थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसते. गीझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडावा. तरीही नळातून भरपूर पाणी येत राहिले, तर ते गीझरमधून येत नाही, मिक्सरमधून येते आहे. यात दोष नळाचा असतो आणि पैसे गीझरवर खर्च होतात.

पाणी अजिबातच तापत नसेल, तर कटआऊटने वीज तोडली असण्याची शक्यता असते. काही गीझरना खालच्या झाकणामागे ते पूर्ववत करण्याचे छोटे बटण असते. ते एकदा दाबून चालू झाले आणि पुन्हा उडाले, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा कॉइल क्षाराने माखली आहे. तिसऱ्यांदा दाबत बसू नये.

व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, तो बुजवू का?

नाही. २५ अंशांचे पाणी ६५ अंशांना गेले की त्याचे आकारमान सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढते. १५ लिटरच्या टाकीत हे वाढलेले पाणी पाव लिटर भरते. आत येणाऱ्या वाटेवर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो, नळ बंद असतात, मग ते पाणी सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. तापताना गळून नंतर थांबणारे पाणी हे व्हॉल्व्ह काम करतो आहे याचे लक्षण आहे. ते बुजवले तर बंद टाकीतील दाब वाढत जातो, आणि त्यात थर्मोस्टॅटही बिघडला तर टाकी फुटू शकते. व्हॉल्व्हला एक बारीक नळी जोडून ती मोरीत सोडावी.

गीझर बंद असतानाही, दिवसभर थेंब पडत असतील, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये क्षाराचा खडा अडकला आहे किंवा इमारतीतला दाब जास्त आहे. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब सुमारे एक बारने (बार हे दाब मोजण्याचे एकक) वाढतो. वीस मजली टॉवरमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट पहिल्या मजल्यावर आले, तर तिथे सहा बारच्या आसपास दाब होतो. म्हणून उंच इमारतींत मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. ते नादुरुस्त झाले की खालच्या मजल्यांवरचे गीझर एकामागून एक गळू लागतात. शेजाऱ्यांकडेही हीच तक्रार असेल तर ती सोसायटीच्या प्लंबरकडे न्यावी.

सफाई कशी आणि किती दिवसांनी?

बोअर किंवा टँकरचे पाणी असेल तर वर्षातून एकदा, शक्यतो ऑक्टोबरात. निव्वळ धरणाचे पाणी असेल तर दोन-तीन वर्षांनी. हे काम मेकॅनिकनेच करावे, पण आपण शेजारी उभे राहावे. आधी पेटीतील बटण पाडायचे, नुसते न्हाणीघराचे नव्हे. मग आत येणारा कॉक बंद करून टाकी खालून रिकामी करायची, प्लेटचे नट खोलायचे आणि कॉइल बाहेर काढायची. तळाशी साचलेला चुना हाताने निघतो. जड पाण्याच्या घरात तो अंड्याच्या टरफलांच्या ढिगासारखा बादलीत पडतो. कॉइलवरचा थर सायट्रिक ॲसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून काढावा. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड काम झटपट करते, परंतु ते धातू आणि मुलामा दोन्ही खाते, शिवाय कोंदट न्हाणीघरात त्याचा धूर नाकातोंडात जातो.

बसवताना गॅस्केट, म्हणजे प्लेटखालचे रबरी कडे, नवीनच घालावे, कारण जुने पुन्हा लावल्याने सुरू झालेल्या गळतीचे खापर बिचाऱ्या टाकीवर फुटते. शेवटी कॉक उघडून गरम नळातून न फुसफुसता सलग धार येईपर्यंत पाणी भरावे आणि त्यानंतरच वीज सुरू करावी. कोरड्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते.

‘चालूच ठेवला तर वीज वाचते म्हणतात’

असे अनेकांचे मत आहे, पण त्याला आधार नाही. टाकी जितकी जास्त वेळ गरम, तितकी जास्त उष्णता बाहेर जाते, आणि थर्मोस्टॅट ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. बीईई, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, स्टार लेबलवर चोवीस तासांत किती युनिटे अशी वाया जातात, ते छापलेले असते. जास्त स्टार म्हणजे कमी उष्णता वाया. आंघोळीच्या अर्धा तास आधी सुरू करणे हेच महावितरणच्या बिलाच्या दृष्टीने शहाणपणाचे.

तापमान ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावे. जड पाणी असेल तर ५५ कडे झुकावे, म्हणजे क्षार कमी बसतो. मिसळायची कटकट नको म्हणून ४० अंशांवर ठेवणे योग्य नाही, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. दुसरीकडे, ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात बादलीत आधी थंड पाणी घ्यावे.

गॅस गीझर असेल तर

त्याची गोष्ट वेगळी आहे आणि त्यात क्षारापेक्षा हवा महत्त्वाची. बंद न्हाणीघरात जळणारा गॅस प्राणवायू संपवतो, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि दार आतून बंद असते. थंडीत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत न्यावी. ज्वाला निळीऐवजी पिवळी दिसली तर वापर लगेच थांबवावा.

दुरुस्ती कधी सोडून द्यावी?

कॉइल, थर्मोस्टॅट, कटआऊट, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि रॉड हे सगळे बदलता येते. टाकीला भोक पडले तर मात्र उपाय नाही. बाहेरच्या आवरणाच्या सांध्यातून गंजाचे तांबूस पाणी झिरपू लागले, आणि प्लेट व जोडण्या कोरड्या असतील, तर टाकी गेली असे समजावे. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आतला मुलामा आणखी उडतो. नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि स्टार लेबलबरोबरच पाटीवर लिहिलेला दाब पाहावा. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी ८ बारचाच घ्यावा. आणि रॉडचे पहिले वर्ष भरले की तो एकदा बाहेर काढून बघावा. पहिल्या वर्षात तो किती झिजला, यावरून आपल्या घरात तो दर वर्षी तपासायचा की दोन वर्षांनी, हे ठरवता येते.